राजवाडा कुणी बांधला?



मागच्या बैठकीला आमच्या गटातल्या एक वहिनी हप्त्याच्या पैशांबरोबर मुलाची वही घेऊन आल्या. शाळेने ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ असा प्रकल्प दिलेला. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मजकूर मुलाने उतरवून काढला होता: थिबा राजा १८८६ साली रत्नागिरीला आला आणि समुद्र आवडला म्हणून इथे राजवाडा बांधून राहिला.

मी म्हटलं, वहिनी, साल बरोबर आहे, पण बाकीचं तपासूया.

तपासलं ते असं. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, जिंकला आणि तिथल्या राजाला कैद करून कुटुंबासह इकडे आणलं. आपल्या लोकांपासून लांब ठेवायला त्यांना रत्नागिरी बरी वाटली. तेव्हा ना रेल्वे, ना धड रस्ता. राजवाडा बांधला तो इंग्रज सरकारने, आणि तो पुरा झाला १९१० साली. त्याआधीची चोवीस वर्षं राजा सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला. राजवाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली, १९१६ साली तो इथेच वारला. म्हणजे मुलाच्या वहीत कैदेचं घर हौसेचं घर झालं होतं. ही काही एका सालाची चूक नव्हे.

आता हे शोधायचं कुठे? मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो, जिल्ह्यांवरच्या नोंदी मुलांना समजतील अशा आहेत. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मिळतात, जुन्या इयत्तांचीसुद्धा. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर धरला की धड्याचे व्हिडिओ उघडतात. पण आपल्या तालुक्याची खरी खाण म्हणजे गॅझेटियर. रत्नागिरीचं जुनं गॅझेटियर १८८० सालचं, सुधारलेलं १९६२ सालचं. दोन्ही इंग्रजीत आहेत. पानाचा फोटो काढून मोबाईलकडून भाषांतर करून घेता येतं, गावांच्या नावांची मात्र तो वाट लावतो, तिथे आपणच बघायचं. बाणकोट शोधत असाल तर ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नावही टाकून पाहा.

यात दोन खाचखळगे आहेत. १८८० च्या पुस्तकात थिबा सापडणार नाही, तो आलाच सहा वर्षांनी. पुस्तक कधीचं आहे ते आधी बघायचं, मग आत काय आहे ते. दुसरं, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. त्यामुळे दोन्ही गॅझेटियरमधल्या ‘रत्नागिरी’त मालवण, वेंगुर्लाही मोजलेले आहेत. तिथला लोकसंख्येचा आकडा आजच्या जिल्ह्याचा म्हणून लिहिला तर चूक होणार.

आमच्याकडे रेंज अंगणातल्या एका कोपऱ्यात येते. म्हणून मी तालुक्याला बँकेत गेले की पुस्तकं उतरवून ठेवते आणि बैठकीत एकीच्या मोबाईलवरून दुसरीच्या मोबाईलवर देते. डेटा एकीचाच जातो.

या शोधात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते टुटूने. ही थिबाची नात, त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी. वडील इथलेच, राजाकडे चाकरीला असलेले. राजघराण्यातली बरीच मंडळी ब्रह्मदेशात परतली, टुटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी लग्न करून गरिबीत संसार केला आणि २००० साली वारली. म्हणजे आपल्यातल्या कितीजणींच्या हयातीत! राजवाडा बघायला सहली येतात, टुटूचं नाव किती मुलांना सांगितलं जातं?

वहिनींच्या मुलाने ते वाक्य खोडलं आणि शेवटी एक पान टुटूवर लिहिलं. ते वाचून दाखवत असताना त्याची आजी आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक पुडकं घेऊन आली. आजोबा मुंबईला गिरणीत होते, तिथून ते पाठवायचे त्या मनीऑर्डरींच्या पावत्या. प्रत्येकीवर टपालाचा शिक्का, तारखेसकट. मुलगा आता त्या सालवार लावतोय.