रिसायकल कागदाचा बॉक्स खाण्यासाठी कितपत सेफ आहे?

परवा पिझ्झाच्या बॉक्सवर रिसायकलची खूण दिसली. छान वाटलं. मग विचार आला, हा पुठ्ठा आधी काय होता? वर्तमानपत्र? एटीएमची पावती?

रद्दीचा पाण्यात लगदा करतात. त्यात साबणासारखी रसायनं घालून हवेचे बुडबुडे सोडले की शाई फेसाबरोबर वर येते. पण मेमरी कार्ड क्विक फॉरमॅट केलं तरी डेटा आत उरतो ना, तसंच इथे होतं. रंग जातो, सगळं तेल जात नाही. आणि करड्या पुठ्ठ्यासाठी तर अनेकदा ही धुलाई करतच नाहीत, म्हणून तो करडा दिसतो.

हे तेल म्हणजे वर्तमानपत्राच्या शाईतलं खनिज तेल. मला वाटायचं, पदार्थ कागदाला चिकटला तरच प्रॉब्लेम. तसं नाहीये! २०१० च्या सुमारास झुरिकच्या सरकारी प्रयोगशाळेत कोनी ग्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पुठ्ठ्यातल्या तेलाचा हलका भाग साध्या तापमानालाही वाफ होऊन तांदूळ, नूडल्स अशा कोरड्या पदार्थांत शिरतो. आतली साधी पॉलिथिनची पिशवी त्याला फारशी अडवत नाही. अ‍ॅल्युमिनियम किंवा पीईटीचा थर अडवतो.

घाबरायचं किती? युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पुन्हा तपासलं. या तेलाचा एक मोठा गट शरीरात साठतो, पण सध्याच्या प्रमाणात काळजीचं कारण नाही, असं त्यांचं मत आहे. दुसऱ्या गटातले, तीन किंवा जास्त कड्यांचे रेणू मात्र डीएनएला इजा करू शकतात. म्हणजे एका पिझ्झाने काही होत नाही. महिनोन्‌महिने पुठ्ठ्यात राहणाऱ्या कोरड्या मालाकडे जास्त लक्ष द्या. घरी आणला की स्टीलच्या डब्यात ओता.

बिलाच्या गुळगुळीत कागदावर बऱ्याचदा बीपीए असतं. तो रद्दीत गेला की बीपीए पुढच्या पुठ्ठ्यात येतं. त्यामुळे अशी बिलं मी कचऱ्यात टाकतो, रद्दीत नाही.

आणि वडापाव? तिथे तर रिसायकलही नाही, थेट वर्तमानपत्र आणि वर गरम तेल. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार याला बंदी आहे, तरी गाड्यांवर सर्रास चालतं. मी सरळ म्हणतो, "दादा, कागद नको, प्लेटमध्ये द्या." पार्सल असेल तर डबा पुढे करतो. मित्र हसतात, हसू देत.