सिकार पॉइंटच्या आधी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा सिकार पॉइंट पाहिला आणि भूवैज्ञानिक जेम्स हटन यांना पृथ्वीच्या अफाट वयाचा साक्षात्कार झाला, अशी कथा वारंवार सांगितली जाते. कागदपत्रे तारखांनुसार लावली की ही कथा टिकत नाही.

हटन यांचा पृथ्वीविषयीचा सिद्धान्त एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे १७८५ च्या मार्च-एप्रिलमध्ये वाचला गेला. सिकार पॉइंटची होडीतली सफर १७८८ ची. मधल्या १७८७ मध्ये त्यांनी अरान बेटावर आणि जेडबरोजवळ सिकार पॉइंटसारखेच, जुन्या आणि नव्या खडकांचे सांधे पाहिले होते. जेडबरोचे चित्र त्यांच्या १७९५ च्या ग्रंथात आहे. अरानचा वृत्तान्त मात्र हस्तलिखितातच राहिला आणि भूवैज्ञानिक आर्चिबाल्ड गीकी यांनी तो थेट १८९९ मध्ये छापला. म्हणजे विचार आधीचा, पुरावा नंतरचा. हटन काय शोधायचे ते ठरवून निघाले होते, आणि मला त्यांची थोरवी यातच दिसते.

सिकार पॉइंटच्या होडीत हटन यांच्यासोबत त्यांचे मित्र जॉन प्लेफेअर आणि तरुण सर जेम्स हॉल होते. काळाच्या खोलीत डोकावून मन गरगरल्याची प्रसिद्ध आठवण प्लेफेअर यांची. ती छापली गेली १८०५ मध्ये, हटन यांच्या निधनानंतर. दगडांसाठी मी हटन यांच्या १७९५ च्या मजकुराकडेच जातो.

सिकार पॉइंटला खाली करड्या ग्रेवॅकचे, म्हणजे एका कठीण वालुकाश्माचे, थर जवळजवळ उभे. त्यांची टोके झिजलेली, आणि त्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर हलक्या उताराने पसरलेले. वरच्या खडकाच्या तळाशी खालच्याच खडकाचे तुकडे अडकलेले आहेत. तांबडी वाळू साचू लागली तेव्हा ग्रेवॅक घट्ट दगड झालेला होता आणि त्याची झीजही चालू होती, हे त्या तुकड्यांवरून ठरते. मधल्या काळाचा एकही थर तिथे नाही. तरी गाळ साचणे, त्याचा दगड होणे, थर वळून उभे राहणे, वर उचलले जाणे, झिजणे, एवढे सगळे दोन खडकांमधल्या त्या एका रेषेआधी घडून गेलेले असलेच पाहिजे. भूविज्ञान या सांध्याला विसंगती म्हणते.

आजच्या कालमापनानुसार खालचा खडक सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचा, वरचा सुमारे ३७ कोटींचा. मधली साडेसहा कोटी वर्षे त्या रेषेत गेली. हटन यांच्याकडे हे आकडे नव्हते. पण ग्रेवॅकमधले कणही त्याआधीच्या कुठल्यातरी भूमीची झीज होऊनच आलेले आहेत, हे त्यांनी ओळखले होते.