ज्योत्स्नाबाई भोळे आणि मराठी रंगभूमीवरील कुलवधू

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा नाटककारांच्या आणि नाटकमंडळ्यांच्या नावांनी सांगतो. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी मालिका लावली की इतिहास संपला असे आपल्याला वाटते. पण ह्याच रंगभूमीच्या पोटात एक दुसरा इतिहास आहे. स्त्रीची भूमिका कोणी करावयाची, आणि ती करणाऱ्या स्त्रीला समाजाने कोठे बसवावयाचे, ह्या प्रश्नाचा तो इतिहास होय. ज्योत्स्नाबाई भोळे ह्यांच्या कारकीर्दीकडे मी आज त्या दृष्टीने पाहणार आहे.

प्रश्न किती अवघड होता ते आधी लक्षात घेतले पाहिजे. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेला जो साज चढविला, त्याने महाराष्ट्र वेडा झाला. घरंदाज स्त्रीने कसे चालावे, कसे नेसावे, हे प्रत्यक्ष घरंदाज स्त्रिया ह्या पुरुष नटाकडून शिकल्या. परंतु त्या घरातील मुलीने स्वतः रंगभूमीवर पाऊल टाकावे, ही कल्पना त्याच प्रेक्षकांना सहन होत नव्हती. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या झाल्या, कमलाबाई गोखल्यांसारख्या अभिनेत्री झाल्या, 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या. वाट पडू लागली होती, पण तिच्यावरून चालणारीला मान खाली घालून चालावे लागे.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म 1914 साली गोमंतकातील बांदिवडे ह्या गावी झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. त्यांच्या वडील भगिनी गिरिजाबाई केळेकर ह्या नावाजलेल्या गायिका, तेव्हा गाणे घरातच होते. पुढे त्या मुंबईस आल्या आणि 1932 साली केशवराव भोळे ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. केशवराव हे डॉक्टरकीचे शिक्षण सोडून संगीताच्या मागे लागलेले गृहस्थ. गायकांची परखड चिकित्सा करणारे टीकाकार म्हणून त्यांचा दबदबा होता. अशा चिकित्सक माणसाच्या घरात गाणारीचे कोडकौतुक जेवढे होते, तेवढीच परीक्षाही होती.

लग्नानंतर वर्षभरातच, 1 जुलै 1933 रोजी, 'नाट्यमन्वंतर' ह्या संस्थेने मुंबईस 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन ह्याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते मराठीत उतरविले होते. वधूकडून जी शुद्धता आपण मागतो, ती वराकडून का मागू नये, असा त्याचा रोखठोक सवाल. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. पदे मोजकी ठेवली. बिंबेच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई होत्या आणि संगीत केशवरावांचे होते.

ह्या संगीतात नवे काय होते? जुन्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथानक थांबे. गायक आलापतानांचा विस्तार करी, 'वन्समोअर' पडत, आणि रुसलेली नायिका अर्धा तास रुसून राही. तो आनंद खोटा नव्हता. पण तो मैफलीचा आनंद होता. ज्योत्स्नाबाईंचे गाणे बोलण्याच्या टोकाशी सुरू होई आणि बोलण्यातच मिसळून जाई. शब्द स्पष्ट, ताना बेताच्या, आणि स्वर स्त्रीचा. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्यात क्रांती ती काय, असे कोणी विचारील. पण जे पूर्वी पुरुषाने कमावून दाखवावयाचे, ते आता स्त्री स्वभावतः बोलू लागली, ह्यातच ती क्रांती होती.

नाट्यमन्वंतर फार काळ टिकले नाही. काळच प्रतिकूल होता. 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला, आणि नाटकगृहे पाहता पाहता चित्रपटगृहे होऊ लागली. खुद्द बालगंधर्व 1935 मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथ झाले. केशवरावांनीही 'प्रभात'मध्ये 'संत तुकाराम', 'कुंकू' अशा चित्रपटांना संगीत दिले. ज्योत्स्नाबाई पडद्यावर दिसल्या, नभोवाणीवरून आणि ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोचल्या. भावगीत ह्या नव्या प्रकाराला ज्या गळ्यांनी रूप दिले, त्यांत त्यांचा गळा अग्रभागी होता. पण त्यांचा खरा मुलूख रंगभूमीचाच.

मो. ग. रांगणेकरांनी 1941 साली 'नाट्यनिकेतन' काढले आणि 1942 मध्ये 'कुलवधू' नाटक आणले. बाहेर 'चले जाव'ची धामधूम, आणि मराठी नाटक मेले असे म्हणण्याची प्रथा पडलेली. अशा वेळी ह्या नाटकाने प्रेक्षक परत आणला. मास्टर कृष्णरावांच्या चाली होत्या आणि ज्योत्स्नाबाई भानुमती होत्या. 'बोला अमृत बोला' हे पद तर त्यांच्या नावापासून वेगळे करताच येत नाही.

भानुमती कोण, हे विसरून चालणार नाही. ती चित्रपटातील नटी आहे. तिला कीर्ती मिळते, पैसा मिळतो, आणि नवऱ्याचा अभिमान दुखावतो. इब्सेनच्या नोराशी तिचे नाते उघड आहे. तीही नवऱ्याचे घर सोडते. पण नाटकाचे नाव पाहा. ज्या स्त्रीला समाज 'नटी' म्हणून हिणवीत होता, तिलाच रांगणेकरांनी 'कुलवधू' म्हटले. आणि ती उभी केली एका संसारी गायिकेने, जी दिवसा घर सांभाळी आणि रात्री तोंडाला रंग लावी. नाटकातला प्रश्न आणि नटीच्या आयुष्यातला प्रश्न एकच असल्यामुळे त्या भूमिकेला जी धार आली, ती केवळ अभिनयकौशल्याने येणारी नव्हती.

एका नाटकाने समाज बदलला असे मी म्हणणार नाही. नवऱ्याचा आधार प्रत्येक अभिनेत्रीला लाभला नाही. कित्येकींना ह्याच मार्गावर घर गमवावे लागले. ज्योत्स्नाबाईंचे भाग्य हा नियम नव्हता. तरी त्यांनी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवला, आणि समाज युक्तिवादापेक्षा नमुन्याने लवकर समजतो.

पुढे मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता' नाटकात त्या दिसल्या. नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. 2001 साली त्यांचे निधन झाले. पुण्यातील एका सभागृहाला त्यांचे नाव दिले आहे. एके काळी ज्या व्यवसायाचा उच्चार घरात दबक्या आवाजात होई, त्या व्यवसायातील स्त्रीचे नाव सार्वजनिक वास्तूच्या दारावर लागले. हे अंतर किती मोठे आहे, ते मोजण्यासाठीच असा इतिहास सांगावयाचा असतो.