सात वर्षे बेपत्ता: हयातीपुरती जमीन आणि मृत्यूचे गृहीतक

सात वर्षे ठावठिकाणा नसलेला माणूस कायद्याने मृत मानला जातो, हे तुम्ही ऐकले असेल. जमिनीच्या बाबतीत हा नियम इंग्लंडच्या संसदेने 1666 मध्ये केला. (द्विविवाहाच्या त्याआधीच्या कायद्यातही सात वर्षे होतीच.)

तेव्हा जमीन बऱ्याचदा एखाद्याच्या हयातीपुरती दिली जाई. गंमत अशी, की कसणारा एक आणि ज्याच्या आयुष्यावर मुदत ठरे तो दुसराच असू शके. तो दुसरा समुद्रापलीकडे गेला आणि त्याची खबर थांबली, तर? कसणारा म्हणे, तो जिवंत आहे. मूळ मालकाने परक्या देशातला मृत्यू कसा सिद्ध करायचा? कायद्याच्या प्रस्तावनेत हीच अडचण आहे. लंडनच्या आगीनंतर साऱ्या प्रजेला मृत ठरवले, असा मजकूर अधूनमधून फिरतो; कायद्यात तसे काही नाही.

संसदेने पुराव्याचा भार उलटवला. सात वर्षे गेली आणि जिवंत असल्याचा पुरेसा पुरावा नसेल, तर तो मेला असे धरून निकाल द्यायचा. संगणकाच्या भाषेत, डीफॉल्ट उत्तर बदलले. पण माणूस परत आला तर? मग कसणाऱ्याला जमीन परत, शिवाय मधल्या काळाचे उत्पन्न व्याजासह. मला या कायद्यातले हे कलम सर्वांत शहाणपणाचे वाटते.

भारतात 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये सात वर्षे आली. आज ती भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 111 मध्ये आहेत. मात्र हे कलम मृत्यू धरते, मृत्यूची तारीख नाही.

तारखेने काय बिघडते ते पाहा. 1956 पूर्वी हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत साधारणपणे हयातीपुरताच हक्क असे. ती वारली की त्या दिवशी पतीचा जो जवळचा वारस हयात असेल, त्याला मिळकत जाई. समजा, ती 1940 मध्ये वारली. दोन पुतण्यांपैकी एक 1935 पासून बेपत्ता. त्याचा मुलगा म्हणतो, सात वर्षे 1942 ला भरली, म्हणजे 1940 मध्ये वडील होतेच, अर्धा वाटा आमचा. हा हिशेब चालत नाही. त्या दिवशी वडील हयात होते हे मुलाने सिद्ध करायचे. नाही जमले, तर सगळी मिळकत दुसऱ्या पुतण्याची. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये विम्याच्या एका प्रकरणातही तारखेबद्दल हेच सांगितले.