मँडरिनचे रूपांतर

अमेरिकन चित्रकथांत १९६४ साली अवतरलेला ‘मँडरिन’ हा खलपुरुष सॅक्स रोमरच्या फू मांचूचा वंशज होय. १९१३ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कुटिल विद्वानात पाश्चात्त्यांनी आशियाविषयीचे आपले सारे भय साठविले होते. ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) या उत्तरभागाच्या कर्त्यांना मात्र हा वारसा अडचणीचा झाला. चीनने २०१२ साली उत्पन्नातील वाट्यावर येणाऱ्या परदेशी चित्रपटांची मर्यादा २० वरून ३४ केली होती, निर्मात्यांचा वाटाही २५ टक्क्यांवर नेला होता. शिवाय बीजिंगची डीएमजी ही संस्था निर्मितीत सहभागी होती.

पटकथेने काढलेली तोड चतुर खरी. मँडरिन हा भाडोत्री, व्यसनी इंग्रज नट ठरतो (ही भूमिका गुजराती वंशाच्या पित्याचे पुत्र बेन किंग्जली यांच्याकडे यावी, हेही मौजेचे!) आणि खरा सूत्रधार निघतो अमेरिकन उद्योजक.

परंतु चिनी खलपुरुष गेला म्हणून चिनी माणूस आला, असे झाले नाही. चीनमधील प्रतीत सुमारे चार मिनिटांची जादा दृश्ये आहेत. त्यांत वांग श्वेछी यांचा डॉक्टर वू आणि फान बिंगबिंग यांची त्याची सहकारी नायकावरील शस्त्रक्रियेची चर्चा करतात; मध्येच एका दुग्धपेयाची जाहिरातही डोकावते. इतरत्र दाखविलेल्या प्रतीत वू क्षणभर दिसतो, फान बिंगबिंग मुळीच नाहीत. जुना मँडरिन विकृत असला तरी कथा हलवीत असे. वूवाचून कथेचे काहीच अडत नाही. ही ठिगळे चीनमधील अनेक प्रेक्षकांनाही रुचली नाहीत.