सॉन्डर्स, सिसिली

सॉन्डर्स, सिसिली : (२२ जून १९१८ – १४ जुलै २००५). इंग्लिश परिचारिका, समाजसेविका व डॉक्टर. आधुनिक हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह) चळवळीच्या प्रवर्तक. रोग बरा होणार नसला, तरी रुग्णासाठी करण्यासारखे पुष्कळ उरते, हे त्यांनी वैद्यकाला पटवून दिले. त्यांच्या कामामागे ख्रिस्ती श्रद्धा होती. पण मरणाच्या दारातल्या माणसाला उपदेश करणे त्यांनी कटाक्षाने टाळले.

लंडनलगतच्या बार्नेट येथे त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डचे शिक्षण मध्येच सोडून त्या परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा पदवी पुरी करून त्या रुग्णालयीन समाजसेविका बनल्या. १९४५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा मनापासून स्वीकारली. पुढे डेव्हिड तास्मा या वॉर्सातून आलेल्या ज्यू निर्वासिताशी त्यांची गाठ पडली. कर्करोगाने मरणाऱ्या तास्माचे लंडनमध्ये जवळचे कोणीच नव्हते आणि आपले आयुष्य वाया गेले, ही खंत त्याला रोगाइतकीच छळत होती. त्याने एकदा धीराचे चार शब्द मागितले. सॉन्डर्स यांनी बायबलमधील २३ वे स्तोत्र तोंडपाठ म्हटले; मग पुस्तकातून वाचून दाखवू का, असे विचारले. त्याने नकार दिला. त्याला फक्त त्यांच्या मनात व अंतःकरणात असेल तेवढेच हवे होते. घरी जाऊन त्यांनी १३० वे स्तोत्र पाठ केले. तास्मा १९४८ मध्ये वारला, तो आपल्या पूर्वजांच्या देवाशी समेट करून. तो ज्यू म्हणूनच शांत झाला, ही गोष्ट सॉन्डर्स यांच्या पुढच्या साऱ्या कामाला वळण देणारी ठरली. मरणाऱ्यांसाठी त्या उभारू पाहत असलेल्या वास्तूत एक खिडकी व्हावी म्हणून त्याने ५०० पौंड मागे ठेवले होते.

मरणाऱ्यांकडे डॉक्टरच पाठ फिरवतात, तेव्हा आधी डॉक्टर व्हा, असा सल्ला एका शल्यचिकित्सकाने दिला; त्यानुसार तिशी ओलांडल्यावर त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला व १९५७ मध्ये पदवी मिळवली. हॅकनी येथील सेंट जोसेफ्स या धर्मभगिनींच्या हॉस्पिसमध्ये त्यांनी तोंडावाटे द्यायचे मॉर्फिन ठरावीक तासांनी देण्यास सुरुवात केली. कळ उठून रुग्ण विनवण्या करू लागेपर्यंत थांबायचे नाही, आधीचा डोस उतरण्यापूर्वी पुढचा द्यायचा, ही ती पद्धत. वेदनेची धास्ती सरली की माणूस बोलू लागतो, हे त्यांनी पाहिले. ती बोलणी त्या ध्वनिमुद्रित करून ठेवत.

त्यांतूनच ‘समग्र वेदना’ ही संकल्पना पुढे आली. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घरच्यांची चिंता आणि जगण्याला अर्थ होता का हा प्रश्न, ही सारी एकाच वेदनेची अंगे होत, असे त्यांचे म्हणणे होते. नाझी छळछावणीतून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांचा त्यांना आधार वाटे. मात्र अर्थ ज्याचा त्यालाच सापडावा लागतो. शुश्रूषा करणाऱ्याने त्यासाठी फुरसत आणि सोबत द्यायची. गेथशेमाने बागेत मरणापूर्वी येशूने शिष्यांकडे आपल्यासोबत जागे राहण्याची विनंती केली. त्यांच्याकडून कसलेही स्पष्टीकरण मागितले नाही. हाच प्रसंग सॉन्डर्स यांनी हॉस्पिसचा पाया मानला. त्यांचे मोठेपण या जागी सर्वांत स्पष्ट दिसते.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनम येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. ते एकाच ख्रिस्ती पंथापुरते असावे का, यावर संस्थापकांत बरीच चर्चा झाली. अखेर ते सर्व धर्मांच्या व निधर्मी रुग्णांसाठी खुले राहिले. तास्माची खिडकी तेथे आहे. दयामरणाला सॉन्डर्स यांचा अखेरपर्यंत विरोध होता. १९८१ मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. सेंट क्रिस्टोफर्समध्येच कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ही चळवळ भारतातही पोहोचली. येथील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ उभे राहिले. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत धर्मभगिनी कोणत्याही धर्माच्या रुग्णाची विनामूल्य शुश्रूषा करतात. संस्थेची शाखा गोव्यातही आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मात्र देशात मॉर्फिन मिळणे फार दुरापास्त झाले होते. कायद्याच्या २०१४ मधील दुरुस्तीने मॉर्फिनसाठी लागणाऱ्या परवान्यांची वाट काहीशी सोपी केली.