चढणीचा गिअर, उतरणीचा गिअर

1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींचा दम पाहणारी एक मोठी चाचणी झाली. एकंदर 620 मैलांची दौड आणि वाटेत सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट त्यात उतरली, बिनतक्रार पार पडली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. ही हकिकत नेहमी गाडीच्या कौतुकासाठी सांगितली जाते. मी मात्र ती वाचते तेव्हा माझं सगळं लक्ष चालकाच्या उजव्या हाताकडे जातं. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत गिअरचा दांडा बहुधा तिकडे असे, दाराबाहेर. त्या दांड्याशी कच्च्या रस्त्यावर, सहा घाटांत त्या माणसाने काय काय केलं असेल, हे एका ओळीतही कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही. रस्त्यांचा इतिहास आहे, गाड्यांचा आहे. कुठल्या चढाला कुठला गिअर, हे ज्यांनी हाताने आणि कानाने शोधून काढलं त्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही. मी कराडला ड्रायव्हिंग शिकवते, वडील एस.टी.त चालक होते, म्हणून हा प्रयत्न.

मोटारीचं इंजिन एका ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच नीट ओढतं. त्याच्या खाली गेलं की धापा टाकतं, वर गेलं की नुसतं ओरडतं. म्हणून गिअर. 1890च्या दशकात पॅरिसमध्ये एमिल लव्हासोरने सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स गाडीत बसवला. फिरणारं एक चाक सरकवून फिरणाऱ्या दुसऱ्या चाकात घुसवायचं, एवढीच रचना. वेग जुळले तर चाक बसे, नाही तर दात एकमेकांवर करकरत. 1898च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लुई रेनॉ नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आपली घरी बनवलेली गाडी घेऊन पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीची र्‍यू लपिक ही उभी चढण चढला आणि त्याच रात्री त्याच्याकडे गाड्यांची मागणी आली. त्याच्या गाडीत टॉप गिअरला इंजिनाचा जोर मधल्या दातांतून न जाता थेट मागे जाई. आज आपण टॉप म्हणतो ते त्याचंच. गंमत अशी, की तिचा बोलबाला झाला तो चढणीवर, जिथे टॉपचा काही उपयोग नसतो.

पैसेवाल्यांना गिअर बदलण्याची कटकट नकोच होती. 1911 साली रोल्स-रॉइसने लंडनहून एडिंबरोला जाऊन परत येण्याचा सगळा प्रवास टॉप गिअरमध्ये करून दाखवला आणि त्याची जाहिरात केली. इंजिन एवढं मोठं, की गिअर बदलायची गरजच नको! फोर्डच्या मॉडेल टीने दुसरी वाट काढली. तिला पुढे जायला दोनच गिअर, तेही पायाने. डावं पेडल दाबून धरलं की लो, सोडलं की हाय. चढ लांबला की तेवढा वेळ पाय दाबूनच ठेवायचा. शिवाय पेट्रोलची टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे वाहणार. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ उभा असेल तर ते इंजिनापर्यंत पोचतच नसे. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. रिव्हर्स हा तिचा सगळ्यांत ताकदवान गिअर होता, हेही एक कारण.

आपल्याकडे घाटांनी ही सूट कधी दिली नाही. बोरघाटातून चाकांची वाहतूक सुरू झाली 1830 साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. तो रस्ता बैलगाड्यांच्या हिशोबाने आखलेला. शंभर वर्षांनी त्याच वाटेवर फोर्ड आणि शेवर्ले धावायला लागल्या. जनरल मोटर्सने तर 1928 साली मुंबईत गाड्यांची जुळणीच सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आणला. दात एकमेकांत शिरण्याआधी एक शंकूसारखा भाग घासून दोन्ही बाजूंचा वेग जुळवून घेतो, ही अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरची कल्पना. चालकाच्या हातातलं निम्मं कसब त्या शंकूने उचललं. पण ते मोटारींत. लॉऱ्या आणि बसगाड्यांपर्यंत हे सुख पोचायला फार वर्षं गेली.

1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर धावली. ती बेडफर्ड होती. सुरुवातीच्या ताफ्यात दहा मेकच्या गाड्या होत्या: शेवर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. म्हणजे आज एका मेकची गाडी आणि उद्या दुसऱ्या मेकची, दांड्याची ठेवण वेगळी, क्लचचा ताण वेगळा आणि इंजिनाचा आवाजही वेगळा. माझे वडील त्या पिढीच्या हाताखाली शिकले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्याकडून मी डबल क्लच शिकले. तो इथे सविस्तर सांगते, कारण शिकवणारेच आता उरले नाहीत.

चौथ्यावरून तिसरा टाकायचा आहे. क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा. क्लच सोडा. अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोका द्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतली चाकं वेग घेतात. पुन्हा क्लच दाबा आणि दांडा तिसऱ्यात सोडा. बरोबर जमलं तर दांडा आपणहून आत ओढला जातो, ढकलावा लागत नाही. वरचा गिअर टाकताना ठोका द्यायचा नाही, उलट चाकं मंदावायला क्षणभर थांबायचं. हे सगळं सपाटीवर सोपं. भरलेली गाडी चढणीवर असेल तर हे चालू असताना तिचा वेग पडतच असतो. हात जरा रेंगाळला की तिसराही बसत नाही आणि दुसराही नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, मागे उतार, आणि क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाकडे धावतोय. म्हणून जुन्या लोकांचा नियम होता: गिअर घाटाच्या पायथ्याशी ठरवायचा, घाटात नाही. अण्णा मला शेजारी बसवून कुंभार्ली चढायचे तेव्हा त्यांचं एकच म्हणणं असे, “काट्याकडे काय बघतेस, इंजिनाचं ऐक. ते मागतंय तेव्हा द्यायचा, मागून झाल्यावर नाही.”

ते मागणं मी पुढे पद्मिनीत ओळखायला शिकले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली ही गाडी, 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीला. त्यामुळे पुढे सलग बाकडं, आणि तिथे तिघं बसायचे. घाटात तिसऱ्यावर गाडी जड व्हायला लागली की आधी आवाज खाली उतरतो, मग पायाखाली एक बारीक थरथर येते आणि मग बॉनेटमधून खडखड ऐकू येते, मूठभर खडे डब्यात हलवावेत तशी. खडखड म्हणजे फार उशीर. दुसरा टाकायची वेळ थरथरीची. जुन्या पद्मिनीत सांध्यांतले बुश झिजले की दांडा दोन गिअरच्या मध्ये अडकायचा. मग ड्रायव्हर उतरून बॉनेट उघडायचा, गिअरबॉक्सकडे जाणारा दुवा हाताने सोडवायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत बसायचा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे ऑक्टोबर 2023 पर्यंत निभावलं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, दांडा खाली जमिनीवर आला, क्लच हलका झाला आणि घरोघरच्या बायका गाडी शिकायला आल्या. माझी शाळा उभी राहिली ती त्या गाडीवर.

चढणीची चूक लगेच कळते, गाडी बंद पडते. उतरणीची चूक शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून ती जीव घेते. आपल्या चालकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाक्य आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. हे वाक्य कुणा इंजिनिअरने सांगितलेलं नाही, पण त्यामागचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत सुमारे 500 मीटरचा उतार. 16 टनांचा ट्रक तेवढा खाली येताना जी ऊर्जा सोडतो तिने साधारण अडीचशे लिटर गार पाणी उकळेल. ती ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. खालचा गिअर टाकला तर तिचा बराच वाटा इंजिन फिरवण्यात खर्च होतो आणि रेडिएटर-सायलेन्सरमधून बाहेर पडतो. न्यूट्रल केलं तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये. लायनर तापतात, पकड सुटते, पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. पेपरात ‘ब्रेक फेल’ छापून येतं. कितीतरी वेळा ब्रेक आधी धडच असतो, घाटाच्या माथ्यावर निवडलेला गिअर चुकलेला असतो. रेल्वेने हे फार आधी ओळखलं होतं. 1863 मध्ये सुरू झालेल्या त्याच बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर, काही ठिकाणी 37 फुटांना एक फूट असा उतार, सुटलेली गाडी अडवायला चढत्या उताराचे कॅच सायडिंग बांधलेले आहेत. ट्रकवाल्याला असं सायडिंग आपल्याकडे क्वचितच मिळतं.

मग न्यूट्रल का करतात? डिझेल वाचवायला. 1973च्या तेलसंकटानंतर भाव चढले आणि लिटरमागचा हिशोब चालकाच्या अंगात भिनला. 1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था निघाली. 45 ते 55च्या वेगात चालवा, योग्य गिअर वापरा, असा तिचा प्रचार असे. कार्बुरेटरच्या काळात न्यूट्रलने थोडंफार पेट्रोल वाचतही होतं, हे मी नाकारत नाही. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधन पूर्ण तुटतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून संगणक त्याला इंधन पाजत राहतो. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्त जाळायचं. द्रुतगती मार्गाच्या घाटात महामार्ग पोलीस हे वर्षानुवर्षं सांगतायत. ट्रकच्या मालकांनी सांगितलं तर जास्त फरक पडेल, कारण डिझेलचा हिशोब चालकाकडून तेच मागतात.

कायद्याला हे ठाऊक आहे. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पंधरावा नियम लायसन्सच्या परीक्षेत काय पाहायचं ते सांगतो. चढावर थांबून गाडी मागे न घरंगळता पुन्हा उचलता आली पाहिजे आणि उतारावर चटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे, हे दोन्ही त्यात आहे. पहिल्यासाठी चाचणीच्या मैदानात छोटा उंचवटा असतो. दुसऱ्यासाठी घाट लागतो, आणि घाट मैदानात आणता येत नाही. त्यामुळे परीक्षा पास झालेल्या मुलामुलींना मी कुंभार्लीला नेते. कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक, आणि पुढे उतार सुरू होण्याआधी गाडी बाजूला घ्यायला लावते. गिअर तिथे ठरवायचा. दुसरा टाकून, ब्रेकला अगदी थोडा हात देत पोफळीपर्यंत यायचं. निम्म्या घाटात ब्रेकचा वास आला तर गिअर वरचा होता.

फेब्रुवारी 2014 मध्ये सेलेरिओ आली, क्लचचं पेडलच नसलेली स्वस्त गाडी, आणि आता माझ्याकडे येणाऱ्यांत ए.एम.टी.वालेही असतात. परवा एकीने हेळवाकला विचारलं, “मॅडम, माझी गाडी तर स्वतःच गिअर टाकते, मी काय ठरवू?” चढावर ती टाकते, हे खरं. इंजिन दमलं की तिला कळतं. पण पुढच्या वळणानंतर आठ किलोमीटर उतार आहे की टपरी आहे, हे त्या गाडीला दिसत नाही. मी तिला दांडा ‘एम’कडे ओढायला सांगितला आणि दोनवर आणायला. इंजिनाचा आवाज चढला तशी ती दचकली, गाडी बिघडली का विचारू लागली. बिघडली नव्हती, अण्णांच्या भाषेत ती उतार धरत होती. पोफळीला पोचल्यावर तिला चाकाजवळ हात न्यायला लावला. ड्रम कोमट होते.